डी नदीच्या खोऱ्यात एक दिवस : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मँचेस्टर, लिव्हरपूल, बर्मिंगहॅम या भागांत राहणारी मराठी कुटुंबं उन्हाळा आला की एकमेकांना विचारू लागतात, "आई-बाबा आलेत, एका दिवसात जाऊन येण्यासारखं काही सांग ना." आमचं उत्तर ठरलेलं असतं: उत्तर वेल्समधलं लँगॉलेन आणि त्याच्या आजूबाजूचं डी नदीचं खोरं. त्यावर येणारे प्रश्नही बहुतेक तेच तेच असतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. नुसती ठिकाणांची यादी देऊन भागत नाही. हा दिवस कोणत्या क्रमाने घालवला यावर खूप काही अवलंबून असतं, म्हणून काही उत्तरं लांबली आहेत.

वेल्समध्ये इतक्या नद्या आहेत. मग डीच का?

कारण इथे नदीचं पाणी स्वतःच तुम्हाला दिवसभर वाट दाखवतं. लँगॉलेनच्या वरच्या अंगाला एका बंधाऱ्यापाशी नदीतलं थोडं पाणी कालव्यात वळवलेलं आहे. हा कालवा डोंगराच्या कडेकडेने गावावरून पुढे जातो आणि काही किलोमीटरनंतर एका प्रचंड पुलावरून त्याच नदीला ओलांडतो. खाली नदी वाहते आणि वर, ३८ मीटर उंचीवर, तिचंच पाणी लोखंडी पन्हळीतून पलीकडे जातं. ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवून बंधाऱ्यापासून पुलापर्यंत गेलात, तर वाटेतलं गाव, मठ, किल्ला, रेल्वे सगळं आपोआप जागच्या जागी बसतं. क्रम सोडून गाडीने इकडून तिकडे फिरलात तर फोटो चांगले मिळतील, पण खोरं कळणार नाही.

ही नदी येते कुठून, जाते कुठे?

स्नोडोनियाच्या दक्षिण भागातल्या डोंगरांत उगम पावून ती बाला सरोवरातून जाते. वेल्समधलं हे सर्वांत मोठं नैसर्गिक सरोवर. तिथून कॉर्वेन, लँगॉलेन, मग इंग्लंडच्या हद्दीवरून चेस्टर, आणि शेवटी आयरिश समुद्र. एकूण लांबी साधारण ११० किलोमीटर. लँगॉलेनजवळचा तिचा पट्टा २०११ पासून संरक्षित निसर्गसौंदर्य क्षेत्रात आहे. वेल्श भाषेत तिचं नाव वेगळं आहे आणि रस्त्यावरच्या पाट्या दोन्ही भाषांत असतात, त्यामुळे नकाशात एक नाव आणि पाटीवर दुसरं दिसलं तर गोंधळू नका.

पोहोचायला किती वेळ लागतो?

लिव्हरपूलहून गाडीने सव्वा तास, मँचेस्टरहून दीड, बर्मिंगहॅमहून पावणेदोन. लंडनहून चार तास लागतात. तिथून येणाऱ्यांनी मुक्काम करावा, एका दिवसात जाऊन-येऊन करू नये.

वेल्ससाठी वेगळा व्हिसा लागतो का?

नाही. वेल्स युनायटेड किंगडमचाच भाग आहे. भेटीच्या व्हिसावर आलेल्या आई-वडिलांना कुठेही अडवत नाहीत, हद्दीवर नाकंही नाही. लाल ड्रॅगनची पाटी दिसली की समजायचं, आलो.

दिवसाची सुरुवात कुठून करावी?

हॉर्सशू फॉल्सपासून, आणि शक्यतो सकाळी लवकर. नावात फॉल्स असला तरी तो धबधबा नाही, आणि त्या अपेक्षेने आलेले लोक खट्टू होऊन परततात. तो टॉमस टेलफर्ड या अभियंत्याने बांधलेला, १८०८ साली पुरा झालेला सुमारे १४० मीटर लांबीचा बंधारा आहे. कमानीसारखी मोठी वळणदार रेषा, तिच्यावरून पाण्याचा एकसंध पातळ पडदा सरकतो, आणि वरच्या बाजूला नदी तळ्यासारखी शांत. बंधाऱ्याच्या एका टोकाला छोटंसं मापनगृह दिसेल. तिथून पाणी मोजून कालव्यात सोडतात. लोक नदीकडे तोंड करून फोटो काढतात आणि या घराकडे पाठ फिरवतात. उलट करा. त्या घरामागून निघालेला अरुंद कालवा पाहा, कारण पुढचा सगळा दिवस त्याच्या सोबतीने जायचं आहे.

जवळच्या लँटिसिलियो गावात पैसे देऊन गाडी लावता येते. शेजारचं दगडी चर्च छोटं आहे, दार उघडं असेल तर आत डोकवा.

तिथून पुढे काय?

पाच-दहा मिनिटं चाललात की चेन ब्रिज लागतो. नदी इथे खडकांत चेपली जाते आणि तिच्यावर साखळ्यांनी टांगलेला पादचारी पूल आहे. पहिला पूल १८१७ च्या सुमारास एका स्थानिक व्यावसायिकाने माल पलीकडे नेण्यासाठी बांधला. पुढे त्या जागचा पूल पुराने वाहून गेल्यावर १९२९ मध्ये सध्याचा उभारला, आणि बरीच वर्षं बंद राहिल्यावर २०१५ मध्ये दुरुस्त करून पुन्हा खुला केला. पूल किंचित हलतो. मुलांना ते आवडतं, आजीला नाही. तिचा हात धरा.

पलीकडे वर बर्विन नावाचं रेल्वे स्थानक आहे, लाकडी चौकटींचं, नदीवर ओठंगून उभं असलेलं. त्याबद्दल पुढे सांगते.

पुलापासून लँगॉलेनपर्यंत कालव्याकाठची पायवाट सुमारे तीन किलोमीटर, जवळजवळ सपाट. कधीकाळी बोटी ओढणाऱ्या घोड्यांसाठी केलेली ही वाट. एका बाजूला कापलेला खडक आणि त्यातून लोंबणारे नेचे, दुसऱ्या बाजूला झाडांमधून खाली दिसणारी नदी. इंग्लंडमधले बहुतेक कालवे तळ्यासारखे निश्चल असतात. हा वाहतो. पाण्यावर पडलेलं पान तुमच्या सोबत गावाकडे निघालेलं दिसेल. मला या सगळ्या दिवसातला हाच तुकडा सर्वांत प्रिय आहे आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात, कारण गाडी घेऊन गावात जाणं सोपं वाटतं.

सगळ्यांना चालायचं नसेल तर?

एकाने गाडी गावात आणावी, बाकीच्यांनी चालावं. ज्येष्ठ मंडळींनी गाडीत बसावं. गावात पुलाजवळ भेटायचं ठरवा. तो जुना दगडी पूल चुकणार नाही. मूळ बांधणी चौदाव्या शतकातली मानतात, नंतर तो पुन्हा बांधला आणि रुंदही केला. वेल्समधल्या सात नवलांच्या जुन्या यादीत त्याचं नाव आहे. उभं राहून खाली पाहिलंत तर खडकांवरून उसळणारं पाणी आणि त्यात कसरत करणारे कायाकवाले दिसतील.

तो प्रसिद्ध उंच पूल म्हणजे नेमकं काय?

पाँटकसिल्टे. लँगॉलेनपासून पूर्वेला सहा-सात किलोमीटरवर ट्रेव्हर नावाचं गाव आहे, तिथून पुलावर जाता येतं. याला पूल म्हणण्यापेक्षा हवेत नेलेला कालवा म्हणावं. लांबी ३०७ मीटर, उंची ३८ मीटर. उंच दगडी खांब, त्यांच्यावर बिडाच्या कमानी, आणि त्यांच्यावर बिडाचेच तुकडे एकमेकांना जोडून केलेली पन्हळ. पन्हळीत सुमारे दीड मीटर खोल पाणी, आणि त्यातून खऱ्याखुऱ्या बोटी जातात.

काम १७९५ मध्ये सुरू झालं आणि २६ नोव्हेंबर १८०५ ला पूल खुला झाला. विल्यम जेसप मुख्य अभियंता होते. त्यांच्या हाताखाली प्रत्यक्ष काम पाहणारा टेलफर्ड हा स्कॉटलंडमधल्या धनगराचा मुलगा, सुरुवातीला साधा पाथरवट. डोंगरावरून खाली उतरायला आणि पुन्हा चढायला कालव्याला एकामागून एक लॉक, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणाऱ्या दारांच्या कोठ्या, बांधाव्या लागतात. प्रत्येक लॉकमध्ये पाणी वाया जातं आणि बोटीला वेळ लागतो. इथे दरीच ओलांडून टाकली. पण एवढ्या उंचीवर जुन्या पद्धतीने दगड आणि मातीचा कालवा बांधला असता तर त्याचं वजन खांबांना पेललं नसतं. म्हणून बिडाची हलकी पन्हळ घेतली आणि खांबांचा वरचा भाग आतून पोकळ ठेवला. बीड जवळच विल्यम हेझलडीनच्या ओतशाळेत ओतलं गेलं. चुन्यात बैलाचं रक्त मिसळलं होतं आणि सांधे भरायला वेल्श फ्लॅनेलचं कापड वापरलं होतं, असं सांगितलं जातं.

बरोबर आलेल्या मुलांना एक प्रश्न जरूर विचारा: वरून मोठी बोट गेली की पुलावरचा भार वाढतो का? वाढत नाही. तरंगणारी बोट स्वतःच्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते, म्हणून पन्हळीतलं एकूण वजन तेवढंच राहतं. शाळेत आर्किमिडीजचा नियम पाठ केलेल्या मुलाला तो इथे डोळ्यांसमोर घडताना दिसतो. आणखी एक: दुरुस्तीच्या वेळी पन्हळीच्या तळाचं बूच काढतात आणि सगळं पाणी खाली नदीत कोसळतं. नदीकडून घेतलेलं नदीला परत.

हॉर्सशू फॉल्सपासून इंग्लंडच्या हद्दीपलीकडेपर्यंतचा सुमारे १८ किलोमीटरचा कालवा, हा पूल आणि चर्क इथला त्याआधीचा, १८०१ सालचा जलपूल, हे सगळं मिळून २००९ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशात आलं. एवढ्या डोंगराळ भागातल्या त्या संपूर्ण पट्ट्यात एकही लॉक नाही.

उंचीची भीती वाटते. पुलावर जावं का?

प्रामाणिकपणे सांगायचं तर भीती वाटेल. पायवाटेच्या बाहेरच्या बाजूला भक्कम लोखंडी कठडा आहे आणि तो पूर्ण सुरक्षित आहे. पण वाट अरुंद आहे, समोरून कोणी आलं की अंग चोरावं लागतं आणि कठड्याच्या गजांमधून थेट खालचं पाणी दिसतं. दुसऱ्या बाजूला, पाण्यापलीकडे, कठडा नाहीच. पन्हळीची धार पाण्याच्या किंचित वर येते आणि तिथे संपते. बोटीत त्या बाजूला बसलात तर तुमच्या आणि दरीच्या मध्ये काहीच उरत नाही. डोकं गरगरणाऱ्यांनी पायी जावं, कठड्याला हात लावून, नजर समोरच्या फ्रॉनकसिल्टेच्या टेकडीवर ठेवून. अर्ध्यातून परत फिरलं तरी काही बिघडत नाही.

लहान मुलांचा हात सोडू नका. बाबागाडी जाते, पण समोरून सायकल आली की कोणाला तरी मागे जावं लागतं. गर्दी टाळायची तर दुपारी चारनंतर या.

आणि वर चालून झालं की खाली नदीकाठीही उतरा. वरून दिसतं ते खोरं. पूल दिसतो तो खालूनच. तिथे मान वर करून उभं राहिल्यावर, यंत्रं नसताना माणसांनी हे कसं केलं असेल, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

बोट कुठली घ्यावी?

दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची गल्लत करतात. लँगॉलेन गावातल्या धक्क्यावरून घोड्याने ओढलेली बोट निघते. ही प्रथा १८८४ पासून आहे. घोडा काठावरून चालतो, दोर ताणलेला, बोटीला आवाज असा नाहीच. ही फेरी गावाजवळच होते, पुलावर जात नाही. पुलावरून जायचं असेल तर मोटरबोट: एक गावातून निघते आणि दोनेक तास घेते, किंवा ट्रेव्हरच्या धक्क्यावरून छोट्या फेऱ्या मिळतात. ज्येष्ठ मंडळी आणि लहान मुलं असतील तर घोड्याची बोट, आणि पूल पायी. हिवाळ्यात फेऱ्या बंद असतात. सुटीच्या दिवसांत आधी तिकीट काढा.

दोनशे वर्षांपूर्वीचा हा कालवा अजून चालू कसा राहिला?

हा प्रश्न फार कमी जण विचारतात आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. कालवा कोळसा, चुनखडी, लोखंड आणि पाटीचा दगड वाहण्यासाठी होता. मूळ बेत मर्सी आणि सेव्हर्न या दोन नद्या जोडण्याचा होता, तो कधीच पुरा झाला नाही. रेल्वे आली, मालवाहतूक घटली आणि १९४४ च्या कायद्याने या कालव्यावरची नौकावाहतूक अधिकृतपणे बंद झाली. त्या काळात असे कितीतरी कालवे बुजवले गेले.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १९४५ मध्ये, लँगॉलेन आणि ट्रेव्हरच्या मध्ये कालव्याचा काठ रात्री फुटला. पाण्याने खालचा रेल्वेचा भराव वाहून नेला, पहाटेची गाडी त्या खळग्यात कोसळली आणि चालकाचा जीव गेला. त्यानंतर कालवा कायमचा संपला असता. पण हॉर्सशू फॉल्सपाशी घेतलेलं पाणी खाली इंग्लंडमधल्या चेशर परगण्याला लागत होतं. काठ दुरुस्त झाला, १९५५ मध्ये पाणीपुरवठ्याचा रीतसर करार झाला, आणि आजही याच कालव्यातून नँटविचजवळच्या हर्ल्स्टन जलाशयात रोज कोट्यवधी लिटर पाणी जातं. तिथल्या घरांमध्ये ते पिण्यासाठी पोहोचतं. हौशी बोटवाले नंतर आले. पूल वाचला तो त्याच्या सौंदर्यामुळे नाही, तर तहानेमुळे. सकाळी त्या मापनगृहाकडे पाठ फिरवू नका असं म्हटलं, ते यासाठीच.

दिनास ब्रानचा किल्ला चढावा का?

गुडघे साथ देत असतील तर नक्की. गावाच्या डोक्यावर सुळक्यासारखी टेकडी दिसते, उंची समुद्रसपाटीपासून ३२० मीटरच्या आसपास. तेराव्या शतकात पाउइस या जुन्या वेल्श राज्याच्या उत्तर भागातल्या राजांनी इथे दगडी किल्ला बांधला. १२७७ मध्ये इंग्रजांचं सैन्य चालून आलं तेव्हा आतल्या लोकांनीच तो पेटवून दिला. आज भिंतींचे काही तुकडे आणि कमानी उरल्या आहेत. सिंहगड पायथ्यापासून चढणाऱ्याला हा चढ निम्म्याहूनही कमी आहे, पण शेवटचा टप्पा उभा आहे आणि वर वारा जोरदार असतो. गावातून जाऊन-येऊन दीड ते दोन तास धरा. तिकीट नाही, दार नाही, प्यायचं पाणीही नाही.

वरून पश्चिमेला नदीची नागमोडी वळणं दिसतात आणि उत्तरेला एग्लुसेगचे चुनखडीचे पांढरट कडे, थरावर थर रचल्यासारखे. इथे वर बसून खोऱ्याचा सगळा नकाशा एकदाच वाचता येतो. म्हणून शक्य असेल तर चढाई दुपारी, पूल बघायच्या आधी करा.

मठ बघण्यासारखा आहे का?

वाले क्रूसिस. गावापासून तीनेक किलोमीटर, हॉर्सशू पास या घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. १२०१ मध्ये मादॉग आप ग्रिफिद या वेल्श राजाने सिस्टर्शियन या ख्रिस्ती पंथाच्या साधूंसाठी तो स्थापन केला, आणि १५३७ मध्ये आठव्या हेन्रीच्या काळात तो बंद झाला. छप्पर गेलं आहे, पण चर्चची पश्चिमेकडची भिंत अजून पूर्ण उंचीची आहे. मागे साधूंचं मत्स्यतळं आहे. वेल्समध्ये मठाचं असं तळं एवढं एकच शिल्लक आहे. अर्धा-पाऊण तास पुरतो. मोसमात तिकीट असतं.

थोडं पुढे, शेतात, एलिसेगचा स्तंभ दिसतो. नवव्या शतकातला हा दगडी क्रूस आपल्या पणजोबांच्या पराक्रमासाठी कनगेन नावाच्या राजाने उभारला. सतराव्या शतकात तो पाडला गेला, मग १७७९ मध्ये उरलेला भाग पुन्हा उभा केला. त्यावरचा लॅटिन लेख आता वाचता येत नाही, पण १६९६ मध्ये एडवर्ड लुइड या विद्वानाने त्याची नक्कल करून ठेवली होती. त्या एका माणसाच्या कष्टामुळे एका राजघराण्याची वंशावळ वाचली. ज्यांना शिलालेखांचं वेड आहे त्यांनी इथे थांबावंच. बाकीच्यांनी रस्त्यावरून पाहिलं तरी चालेल.

वाफेच्या गाडीत बसायचं का?

मुलं असतील तर हा प्रश्नच नाही. मूळ रेल्वेमार्ग १९६५ मध्ये प्रवाशांसाठी बंद झाला आणि रूळही उखडले गेले. १९७५ पासून स्वयंसेवकांनी एकेक टप्पा पुन्हा बांधत नेला आणि २०२३ मध्ये गाडी कॉर्वेनच्या नव्या स्थानकात पोहोचली. एकूण सुमारे १६ किलोमीटर, सगळा वेळ नदीच्या सोबत.

पण पूर्ण फेरीला बराच वेळ जातो आणि एका दिवसात गाडी, बोट, किल्ला, पूल हे सगळं बसत नाही. माझा सल्ला: लँगॉलेनहून एकच स्थानक, बर्विनपर्यंत जा, उतरून चेन ब्रिज आणि हॉर्सशू फॉल्स पाहा आणि कालव्याकाठाने चालत परत या. गाडी आणि चालणं दोन्ही होतं. वेळापत्रक मोसमाप्रमाणे बदलतं आणि सगळ्या फेऱ्या वाफेच्या इंजिनाच्या नसतात, म्हणून आधी बघून ठेवा.

इतिहासाची आवड असलेल्यांनी मात्र दुसऱ्या खेपेस कॉर्वेनपर्यंत जावं. वाटेत ग्लिनडव्हर्डुई लागतं. तिथे १६ सप्टेंबर १४०० रोजी ओवाइन ग्लिनडूरने स्वतःला वेल्सचा राजपुत्र घोषित करून इंग्रजी सत्तेविरुद्ध उठाव सुरू केला. कॉर्वेनच्या चौकात त्याचा अश्वारूढ पुतळा आहे. वेल्श माणसाशी बोलताना हे नाव माहीत असेल तर संभाषणाचा सूर लगेच बदलतो.

प्लास न्यूइदमध्ये काय आहे?

गावाच्या वरच्या बाजूला काळ्या लाकडी कोरीव कामाचं एक घर. आयर्लंडमधून घर सोडून आलेल्या एलेनर बटलर आणि सारा पॉन्सनबी या दोघी १७८० पासून इथे आयुष्यभर एकत्र राहिल्या. लग्न नाकारून, आपल्या मनाने, वाचन आणि बागेत रमून. लंडन ते हॉलिहेड रस्ता गावातूनच जात असल्यामुळे त्या काळातले मोठमोठे लोक त्यांना भेटायला थांबत. वर्ड्‌स्वर्थ, वॉल्टर स्कॉट, ड्यूक ऑफ वेलिंग्टन. एलेनर १८२९ मध्ये गेली, सारा १८३१ मध्ये. त्यांची मेरी कॅरिल ही विश्वासू सेविका आणि त्या दोघी, तिघींची एकच त्रिकोणी समाधी गावातल्या सेंट कॉलेनच्या चर्चच्या आवारात आहे. बाग सुंदर आहे. घर आतून बघायचं असेल तर उघडण्याच्या वेळा तपासा.

जुलैमध्ये हॉटेल मिळत नाही, असं का?

आंतरराष्ट्रीय संगीत आइस्टेडवॉडमुळे, म्हणजे गाण्या-नाचाच्या स्पर्धा-महोत्सवामुळे. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४७ मध्ये, वेगवेगळ्या देशांच्या लोकांनी एकत्र गावं-नाचावं या इच्छेने तो सुरू झाला. १९५५ मध्ये इटलीच्या मोदेना गावच्या पुरुषवृंदाने इथे पहिलं बक्षीस मिळवलं. त्यात वडिलांबरोबर गाणारा एक १९ वर्षांचा मुलगा होता, लुचानो पावारोत्ती. या आठवड्यात गाव गजबजलेलं असतं. नृत्य-संगीताची आवड असेल तर मुद्दाम याच वेळी या. शांतता हवी असेल तर हा आठवडा टाळा.

शाकाहारी जेवण मिळेल का?

मिळतं. प्रत्येक उपाहारगृहात एक-दोन पदार्थ असतातच. वेल्सचा स्वतःचा शाकाहारी पदार्थ म्हणजे ग्लॅमॉर्गन सॉसेज: नाव सॉसेज असलं तरी त्यात चीज, लीक आणि पावाचा चुरा असतो. चीज लावून भाजलेला पाव, म्हणजे वेल्श रॅरबिट, मागवताना जपा. त्यात बऱ्याचदा वूस्टर सॉस असतो आणि त्या सॉसमध्ये अँकोव्ही मासे असतात. तव्यावर भाजलेले वेल्श केक चहाबरोबर छान लागतात, पण त्यांत अंडं असतं आणि पारंपरिक कृतीत डुकराची चरबीही येते. विचारून घ्या, कोणी वाईट मानत नाही.

आम्ही स्वतः डबाच नेतो. दशम्या, चटणी, गूळ-शेंगदाणे, थर्मासमध्ये चहा. कालव्याकाठी बाकं आहेत. कचरा परत घेऊन जा.

कोणत्या महिन्यात यावं आणि काय घालावं?

मेच्या मध्यापासून जूनअखेर सर्वांत उत्तम. उजेड रात्री साडेनऊपर्यंत असतो आणि शाळांना उन्हाळ्याच्या सुट्या लागलेल्या नसतात. ऑक्टोबरमध्ये झाडांचे रंग बघण्यासारखे असतात. डिसेंबरमध्ये चारला अंधार पडतो. पाऊस वर्षभर कधीही येतो. छत्री वाऱ्यात उलटी होते, टोपीवाला रेनकोट घ्या. आईंना सांगा, जुलै असला तरी स्वेटर हवा आणि चपलांऐवजी बूट. साडी नेसून कालव्याकाठी चालायला काहीच हरकत नाही, किल्ल्यावर मात्र नको.

नदीत उतरता येतं का?

उतरू नका. पाणी उन्हाळ्यातही गार असतं, प्रवाह वरून दिसतो त्याहून जोरकस असतो, आणि चेन ब्रिजजवळचा अरुंद खडकाळ भाग कायाकवालेही प्रशिक्षण घेतल्याशिवाय करत नाहीत. मुलांना पाण्यात पाय बुडवायचे असतील तर गावात काठाशी उथळ जागा आहेत, तिथे मोठ्यांनी सोबत उभं राहून.

गाडी चालवताना काही वेगळं लक्षात ठेवायचं?

सप्टेंबर २०२३ पासून वेल्समध्ये वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर वेगमर्यादा ताशी २० मैल आहे. इंग्लंडच्या ३० ची सवय असते, त्यामुळे दंडाची पत्रं घरी येतात. हॉर्सशू पासचा घाट ४१७ मीटरपर्यंत चढतो. बर्फात तो बंद करतात. रस्त्यावर मेंढ्या बसलेल्या असतात, त्या हॉर्नला उठत नाहीत, थांबावं लागतं.

त्याच दिवशी स्नोडन हे वेल्सचं सर्वांत उंच शिखरही करता येईल का?

नाही. हा प्रश्न दर वेळी येतो आणि उत्तर दर वेळी हेच आहे. रस्त्यातच अडीच-तीन तास जातात आणि दोन्ही ठिकाणं अर्धवट होतात. वेळ उरलाच तर चर्कला जा: तिथला जलपूल, त्याच्या शेजारीच उभा असलेला रेल्वेचा पूल आणि लगेच पुढे कालव्याचा लांब अंधारा बोगदा. बोगद्यातून काठाची वाट जाते, टॉर्च लागतो.

गाडी नसेल तर?

लँगॉलेनला मुख्य रेल्वेचं स्थानक नाही. चेस्टर किंवा श्रूझबरीहून रुआबनला उतरा आणि तिथून टी३ क्रमांकाची बस घ्या. ती ट्रेव्हर, लँगॉलेन, कॉर्वेन, बाला असं करत थेट समुद्रापर्यंत जाते. गाडी नसलेल्यांना एक फायदा आहे: आधी लँगॉलेनला उतरायचं, बंधारा बघून यायचं, मग कालव्याकाठाने पाण्याबरोबर ट्रेव्हरपर्यंत चालत जायचं आणि तिथूनच परतीची बस पकडायची. एकदा गेलेल्या वाटेने परत चालावं लागत नाही. संध्याकाळच्या आणि रविवारच्या बस कमी असतात, म्हणून परतीची वेळ सकाळी उतरल्या उतरल्याच चालकाला विचारून घ्या.